कॉम्प्युटर नावाची माणसं

कॉम्प्युटर हा शब्द इंग्रजीत सुमारे तीनशे वर्षं माणसासाठी वापरला जात होता. आकडेमोड करणारा माणूस, एवढाच त्याचा अर्थ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तो अधूनमधून यंत्रासाठीही दिसू लागतो आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर कायमचा यंत्राचा होतो. आज मी कुणाला सांगितलं की माझी आत्या कॉम्प्युटर होती, तर समोरच्याला वाटतं की मला 'कॉम्प्युटरमध्ये होती' असं म्हणायचं होतं आणि बोलताना एक अक्षर गळलं. काही गळलेलं नसतं. आत्याच्या नेमणुकीच्या कागदावर हुद्द्याच्या रकान्यात तोच शब्द आहे. गणित घेऊन बी.ए. झाल्यावर ती एका सरकारी सांख्यिकी कचेरीत लागली. त्या इमारतीत तेव्हा विजेवर चालणारं काय होतं, तर दिवे, पंखे आणि साहेबांच्या टेबलावरची घंटी.

तिच्या टेबलावर फॅसिट असायचं. फॅसिट म्हणजे हाताने फिरवायचं स्वीडिश बनावटीचं गणनयंत्र. साठ-सत्तरच्या दशकांत ज्यांनी बँकांत, विमा कचेऱ्यांत किंवा प्रयोगशाळांत नोकरी केली, त्यांच्या कानात त्याची घरघर अजून असेल. 347 ला 26 ने गुणायचं तर आधी 347 ची बटणं दाबायची, दांडा सहा वेळा पुढे फिरवायचा, मग एक घर सरकवून आणखी दोन वेळा. भागाकाराला दांडा उलटा. वजा करत करत आकडा शून्याच्या खाली गेला की आत घंटी वाजे, मग एक फेरा पुढे घेऊन ती चूक परतवायची आणि पुढच्या घरावर जायचं. दिवसभर हेच. संध्याकाळी उजवा खांदा भरून यायचा, असं ती सांगते. आणि एक गोष्ट ती फार ठासून सांगते: "अगं, एकाने काढलेला आकडा कधी वर जायचा नाही. तोच तक्ता दुसरीकडे द्यायचा, तिने माझा न बघता करायचा, आणि दोन्ही जुळले तरच साहेबांची सही."

टेबलावरचं ते यंत्र कॉम्प्युटर नव्हतं, ते फॅसिट होतं. कॉम्प्युटर आत्या होती.

या शब्दाचा माग काढायला मी लागले ती आत्यामुळे, आणि मग त्यातून लवकर बाहेर पडता आलं नाही. शब्दाचे अर्थ बदलतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण इथे अर्थ बदलताना एक अख्खा पेशा शब्दाबाहेर पडला, आणि तो पेशा ज्यांनी केला ती माणसंही त्याच्याबरोबर गेली. त्यातली काही माणसं इथे मांडून ठेवावीत, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

मूळ लॅटिनमधलं. तिथे 'पुतारे' या क्रियापदाचा जुना अर्थ छाटणं, साफ करणं असा होता. द्राक्षवेलीची छाटणी हेच त्याचं घरचं काम. नाशिक-सांगलीच्या बागाइतदाराला हे लगेच कळेल. छाटणी म्हणजे नुसतं कापणं नसतं, कोणती काडी ठेवायची आणि कोणती काढायची याचा तो हिशेब असतो. त्या क्रियापदावरूनच पुढे हिशेब नक्की करणं, मनाशी ठरवणं, समजणं असे अर्थ आले. 'कोम्पुतारे' म्हणजे एकत्र मांडून हिशेब करणं. हाच शब्द फ्रेंचच्या वाटेने झिजत इंग्रजीत 'काउंट' होऊन आला, आणि नंतर विद्वानांच्या लॅटिनमधून थेट 'कॉम्प्यूट' होऊन पुन्हा आला. एकच शब्द, दोन दारांतून दोनदा. शल्यविशारदांचं 'अँप्युटेशन'ही याच छाटणीच्या घराण्यातलं, आणि 'रेप्युटेशन', 'डिस्प्यूट' हीसुद्धा.

इंग्रजीत 'कॉम्प्युटर'चा सर्वांत जुना छापील वापर 1613 सालचा मानला जातो. रिचर्ड ब्रॅथवेट या लेखकाच्या एका पुस्तकात आयुष्याच्या क्षणभंगुरपणाबद्दल बोलताना तो येतो: काळाचा सर्वांत खरा कॉम्प्युटर, आजवर श्वास घेतलेल्यांत सर्वश्रेष्ठ गणिती, तुझे दिवस लहानशा आकड्यात आणून ठेवतो. पंचांगं, सनावळ्या, सणांच्या तारखा काढणाऱ्या माणसांसाठी तेव्हा हा शब्द होता. आपल्याकडे त्याच माणसाला गणक म्हणत. मुरूडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके 1442 मध्ये, म्हणजे 1520 साली 'ग्रहलाघव' रचलं, आणि त्यात ज्या-चापांची, म्हणजे त्रिकोणमितीची, किचकट गणितं टाळून ग्रह काढण्याची सोपी रीत दिली. महाराष्ट्रात शतकानुशतकं पंचांगं त्यावर चालली. पंचांग करायला बसलेल्या गणकाची किती संध्याकाळची मेहनत त्या एका ग्रंथाने वाचवली असेल! आकडेमोड करणाऱ्याचे श्रम कमी व्हावेत ही तळमळ यंत्रांच्या फार आधीची आहे.

अठराव्या शतकात मात्र कॉम्प्युटर हा पगारी पेशा झाला, आणि त्याला कारण समुद्र. जहाज पूर्व-पश्चिम कुठवर आलं आहे, म्हणजे रेखांश किती, हे चंद्राच्या जागेवरून काढता येतं. त्यासाठी खलाशाच्या हातात वर्षभराचा तयार तक्ता हवा: ग्रिनिचच्या वेळेप्रमाणे दर तीन तासांनी चंद्र सूर्यापासून आणि ठरावीक ताऱ्यांपासून किती अंशांवर असेल. नेव्हिल मॅस्कलिन या राज-ज्योतिर्विदाने 1767 या वर्षासाठी असं पहिलं 'नॉटिकल अल्मनॅक' काढलं. त्याचं गणित कुठल्या कचेरीत होत नव्हतं. इंग्लंडभर विखुरलेल्या गावांत, आपापल्या घरी बसून, शिक्षक, पाद्री, भूमापक अशी माणसं ते करत. त्यांना लॉगॅरिथमची कोष्टकं, सूचनांचा कागद आणि टपालखर्च मिळे. काम दोघा कॉम्प्युटरांकडे स्वतंत्रपणे जाई आणि दोघांचे कागद तिसऱ्याकडे, तुलना करणाऱ्याकडे. एकदा दोघा कॉम्प्युटरांनी परस्परांचं उतरवून घेतलं. तुलना करणाऱ्याच्या ते ध्यानात आलं, कारण दोघांच्या चुकाही सारख्याच निघाल्या, आणि दोघांनाही काढून टाकण्यात आलं. आत्याला हे वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "बरोबरच केलं. त्या आकड्यावर जहाज जायचं होतं."

या घरबसल्या कॉम्प्युटरांत लडलो गावचे एक पाद्री होते, जॉन एडवर्ड्‌स. 1784 साली ते वारले तेव्हा त्यांच्या पत्नीने, मेरी एडवर्ड्‌सने काम पुढे चालू ठेवण्याची विनंती केली, आणि तेव्हा कळलं की नवऱ्याच्या नावावर येणारं बरंचसं गणित आधीपासून तीच करत होती. तिला ते काम मिळालं. मुलींचं पालनपोषण तिने त्यावर केलं आणि 1815 पर्यंत, मरेपर्यंत, ती मोजत राहिली. पुढे तिची मुलगी एलायझा. 1832 मध्ये सगळं काम लंडनच्या कचेरीत एकवटलं, तिथे सरकारी नोकरीत बाईला जागा नव्हती, आणि एलायझाचं काम संपलं. दोन पिढ्या मिळून जवळपास साठ वर्षं इंग्रजी जहाजं या मायलेकींच्या आकड्यांवर जगभर फिरली. त्यातली काही जहाजं मुंबईच्या बंदरात लागली असतील, हे मनात आल्यावाचून राहत नाही.

एलायझाच्या हातातून काम गेलं त्याच सुमाराला कलकत्त्यात एक तरुण कॉम्प्युटर झाला. राधानाथ सिकदार. जन्म 1813 चा, जोडासांकोचा. हिंदू कॉलेजात गणितात चमकलेला. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला गोलीय त्रिकोणमिती येणारा माणूस हवा होता आणि 1831 च्या डिसेंबरात जॉर्ज एव्हरेस्टच्या हाताखाली त्याची नेमणूक झाली. हुद्दा: कॉम्प्युटर. हे सर्वेक्षण 1802 साली मद्रासजवळ विल्यम लॅम्टनने सुरू केलं होतं. तो माणूस दक्षिणेकडून मोजत मोजत वर येताना 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याने अर्धवट सोडलेला कंस, म्हणजे दक्षिणोत्तर मोजणीची वक्र रेषा, एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेला. मोजणाऱ्यांची नावं नकाशाच्या इतिहासात येतात, पण मोजून आणलेले कोन म्हणजे नुसता कच्चा माल असतो. त्याचं अंतर आणि उंची करणारे लोक मागे तंबूत आणि कचेरीत बसलेले असत.

हे काम काय होतं ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. 1849-50 च्या हिवाळ्यात जेम्स निकोल्सन या सर्वेक्षकाने बिहारच्या सपाटीवरच्या सहा ठाण्यांवरून पंधरा क्रमांकाच्या शिखराचे, म्हणजे आजच्या एव्हरेस्टचे, कोन घेतले. शिखर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास लांब. एवढ्या अंतरावर पृथ्वी गोल असल्यामुळे शिखराचा बराच भाग क्षितिजाखाली गेलेला असतो, तो मिळवायचा. शिखराकडून येणारा प्रकाश हवेत वाकतो, त्यामुळे ते आहे त्यापेक्षा उंच दिसतं, ते वजा करायचं. किती वाकतो हे तापमानावर आणि हवेच्या दाबावर अवलंबून, म्हणून प्रत्येक वाचनाची दुरुस्ती वेगळी. हे सगळं लॉगॅरिथमच्या सात-सात आकडी कोष्टकांतून, बोट ठेवून, हाताने. सहा ठाण्यांवरून सहा उंच्या निघाल्या. सर्वांत कमी 28,990 फूट, सर्वांत जास्त 29,026. सरासरी 29,002. उंची बरोब्बर 29,000 आली होती आणि लोकांना ती अंदाजे वाटू नये म्हणून वर दोन फूट लावले, ही गोष्ट फार लोकप्रिय आहे. मला ती मुळीच पटत नाही. सहा आकडे समोर ठेवून सरासरी काढली की हे दोन फूट आपोआप येतात. ज्या लोकांनी महिनोन्‌महिने प्रकाशाचा वाक मोजला त्यांच्यावर असा आरोप करताना थोडा विचार करायला हवा.

सिकदार धावत साहेबाच्या खोलीत गेला आणि 'जगातलं सर्वांत उंच शिखर सापडलं' म्हणाला, ही दुसरी गोष्टही अशीच. तोवर सिकदार कलकत्त्याला मुख्य कॉम्प्युटर होता, सर्वेक्षणाचा प्रमुख अँड्र्यू वॉ डेहराडूनला, आणि गणित दोन्हीकडे चाललेलं. हे काम एका माणसाच्या एका क्षणाचं नव्हतंच. बऱ्याच कॉम्प्युटरांनी वर्षानुवर्षं केलेलं, तपासलेलं, पुन्हा केलेलं ते काम होतं. सिकदार त्यांचा प्रमुख होता आणि पद्धती बऱ्याच अंशी त्याच्या. 1856 मध्ये वॉने उंची जाहीर केली आणि शिखराला एव्हरेस्टचं नाव सुचवलं. 2020 मध्ये नेपाळ आणि चीनने मिळून उपग्रहांच्या मदतीने काढलेली उंची 8,848.86 मीटर आहे. 29,002 फूट म्हणजे 8,840 मीटर. नऊ मीटरचा फरक, पावणेदोनशे किलोमीटरवरून, कागद-शाईने.

सिकदारबद्दल आणखी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1843 मध्ये डेहराडूनच्या व्हॅन्सिटार्ट नावाच्या मॅजिस्ट्रेटने सर्वेक्षणाच्या मजुरांना वेठीला धरून स्वतःचं सामान वाहायला लावलं. सिकदारने ते सामान अडवलं. खटला झाला आणि दोनशे रुपये दंड सिकदारला झाला. दुसरी गोष्ट पुस्तकाची. सर्वेक्षण खात्याचं जे मार्गदर्शक पुस्तक 1851 मध्ये निघालं, त्यातले शास्त्रीय भाग सिकदारचे असल्याचं प्रस्तावनेत नमूद होतं. 1870 मध्ये तो वारला. 1875 च्या तिसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेतून त्याचं नाव गेलं, मजकूर मात्र राहिला. 'फ्रेंड ऑफ इंडिया' या पत्राने दुसऱ्याच वर्षी याला मृताची लूट म्हटलं. इंग्रजांच्याच पत्राने म्हटलं, हे विशेष.

आपल्या मुंबईतही या जातीचं काम होत होतं. कुलाब्याची वेधशाळा 1826 मधली. तिथे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे आपले केरूनाना, अगदी कोवळ्या वयात लागले आणि वेध घेणं, नोंदी ठेवणं, त्यांची गणितं करणं यातून त्यांचं गणित-ज्योतिष घडलं. पुढे 1860 मध्ये त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत काढली. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. केरूनानांचं नाव राहिलं कारण ते प्राध्यापक झाले, ग्रंथकार झाले. जे वेधशाळेच्या टेबलाशीच राहिले ते वार्षिक अहवालांच्या आस्थापनेच्या यादीत संख्या होऊन राहिले.

पुण्याच्या सिमला ऑफिसचंही असंच. शिवाजीनगरच्या त्या चौकातून रोज हजारो लोक जातात, तिथे सिमल्याचं काय हे फारसं कोणी विचारत नाही. हवामान खात्याचं मुख्यालय आधी सिमल्याला होतं, 1928 मध्ये ते पुण्याला आलं, म्हणून ते नाव. सिमल्याच्या काळात, 1904 ते 1924, गिल्बर्ट वॉकर खात्याचा प्रमुख होता. मूळचा केंब्रिजचा गणिती. मान्सून कधी दगा देतो याचं उत्तर त्याने जगभरच्या आकड्यांत शोधायचं ठरवलं: दक्षिण अमेरिकेतला हवेचा दाब, नाईलचा पूर, ऑस्ट्रेलियातला पाऊस, हिंदुस्थानातला पाऊस, यांचे परस्परसंबंध. एकेका जोडीचा सहसंबंध काढायचा म्हणजे वर्षानुवर्षांचे आकडे गुणायचे, वर्ग करायचे, बेरजा करायच्या. हे हजारो सहसंबंध भारतीय कारकुनांनी हाताने काढले. वॉकरने त्यांना कॉम्प्युटर केलं होतं. पॅसिफिकच्या दोन टोकांमधला हवेच्या दाबाचा जो झोका त्यातून सापडला, त्याचं 'सदर्न ऑसिलेशन' हे नाव आज एल निन्योच्या बातमीबरोबर आपण दर उन्हाळ्यात वाचतो. आपल्या पावसाचा अंदाज ज्या पायावर उभा आहे, तो पाया त्या माणसांनी बेरजा करून घातला.

अमेरिकेतल्या कॉम्प्युटर बायकांवर अलीकडे बरंच लिहून झालं आहे, म्हणून थोडक्यात. हार्वर्डच्या वेधशाळेत एडवर्ड पिकरिंगच्या हाताखाली काचेच्या फोटोपट्ट्यांवरचे तारे मोजणाऱ्या बायकांत हेन्रिएटा लेविट होती. 1912 मध्ये तिने दाखवलेल्या नियमामुळे दूरच्या ताऱ्यांची अंतरं काढता येऊ लागली, आणि विश्व आपल्या आकाशगंगेपुरतं नाही हे खगोलशास्त्रज्ञ हबलला त्याच आधारावर दाखवता आलं. व्हर्जिनियातल्या लँगली प्रयोगशाळेत कृष्णवर्णी कॉम्प्युटरांचा विभाग वेगळा बसवलेला होता. तिथली कॅथरीन जॉन्सन आज सगळ्यांना माहीत आहे. 1962 मध्ये पृथ्वीभोवती जाण्याआधी जॉन ग्लेनने यंत्राचे आकडे तिच्याकडून हाताने तपासून घेतले. तोवर कॉम्प्युटर हा शब्द यंत्राकडे गेला होता, विश्वास मात्र अजून माणसावर होता.

मला या सगळ्यांत जास्त ओढ वाटते ती न्यूयॉर्कच्या एका प्रकल्पाची. 1938 साल, मंदीची झळ अजून ओसरलेली नाही. बेकारांना काम द्यायचं म्हणून सरकारने गणिती कोष्टकं तयार करण्याचं काम काढलं. आलेल्या माणसांपैकी अनेकांना शाळेतलं अंकगणितही धड येत नव्हतं. गर्ट्रूड ब्लांच या पोलंडहून आलेल्या गणिती बाईने त्यांचे गट पाडले. एका गटाने फक्त बेरीज करायची, दुसऱ्याने फक्त वजाबाकी, तिसऱ्याने गुणाकार. ऋण संख्या ही कल्पना अवघड जाते, म्हणून धन आकडे काळ्या पेन्सिलीने आणि ऋण आकडे लाल पेन्सिलीने लिहायचे. भिंतीवर सूचना लावलेली: काळा आणि काळा म्हणजे काळा, लाल आणि लाल म्हणजे लाल, काळा आणि लाल आला तर कागद दुसऱ्या गटाकडे द्या. साडेचारशेपर्यंत माणसं तिथे बसत. त्यांनी केलेली कोष्टकं पुढे अनेक वर्षं वैज्ञानिक वापरत राहिले आणि त्यांच्या अचूकपणाचं नाव झालं.

ती भिंतीवरची सूचना मी अनेकदा वाचली आहे. 'असं आलं तर हे करा, तसं आलं तर तिकडे द्या.' आज याला प्रोग्रॅम म्हणतात. यंत्र यायच्या आधीच काम यंत्रासारखं तोडलेलं होतं. माणसाच्या हातून समज काढून घेतली की उरतं ते यंत्राला देता येतं. 1936 साली इंग्रज गणिती ॲलन ट्युरिंगने आपल्या प्रसिद्ध निबंधात मोजता येणं म्हणजे काय हे ठरवताना डोळ्यांसमोर कोण ठेवला होता? कागद-पेन्सिल घेऊन बसलेला कॉम्प्युटर. चौकोनी कागदावर एकेक चिन्ह बघणारा, नियम बघून पुढचं चिन्ह लिहिणारा माणूस. त्या माणसावरून यंत्राची कल्पना निघाली. यंत्राने माणसाचं नाव घेतलं ते म्हणूनच. ते नाव वाटेत सापडलेलं नव्हतं.

नाव कोणाचं, याबद्दल त्या काळात बराच गोंधळ दिसतो, आणि तो गोंधळ मला फार बोलका वाटतो. फिलाडेल्फियाच्या मूर स्कूलमध्ये तोफगोळ्यांचे मार्ग काढायला कॉम्प्युटर बायकांची फौज होती. एका मार्गाला हातयंत्रावर वीसेक तास लागत. 1946 च्या फेब्रुवारीत तिथेच एनिॲक या इलेक्ट्रॉनिक यंत्राचं प्रात्यक्षिक झालं; अठरा हजारांच्या आसपास व्हॉल्व्हचं, म्हणजे काचेच्या विद्युत नळ्यांचं, ते यंत्र तोच मार्ग तीस सेकंदांत काढी. एनिॲकच्या नावातलं शेवटचं अक्षर 'कॉम्प्युटर'चं आहे. पण 1949 मध्ये केंब्रिजला चालू झालेल्या एड्सॅक या यंत्राच्या नावातलं तेच अक्षर 'कॅल्क्युलेटर'चं. आपल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मुंबईत स्वतः बांधलेलं यंत्र 1960 मध्ये चालू झालं, 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक नाव दिलं, आणि त्यातलाही 'क' कॅल्क्युलेटरचा आहे. म्हणजे त्या वर्षीसुद्धा या यंत्राला कॉम्प्युटरच म्हटलं पाहिजे असं सर्वांनाच वाटत नव्हतं.

एनिॲकला गणित शिकवणाऱ्या सहा जणी कॉम्प्युटरांमधूनच निवडलेल्या: कॅथलीन मॅकनल्टी, बेटी जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास, रूथ लिक्टरमन. त्यांना कुठलं पुस्तक मिळालं नव्हतं, आराखडे बघून त्या शिकल्या. प्रात्यक्षिकाच्या दिवशी दाखवलेलं गणित त्यांनी बसवलेलं होतं. त्या दिवशी कोणी त्यांची ओळख करून दिली नाही, रात्रीच्या मेजवानीचं बोलावणंही आलं नाही. पुढे कित्येक वर्षांनी एका विद्यार्थिनीने जुन्या फोटोत यंत्रापाशी उभ्या असलेल्या या बायका कोण म्हणून विचारलं, तर तिला सांगण्यात आलं की यंत्राची शोभा वाढवायला उभ्या केलेल्या मॉडेल असाव्यात. त्याच फोटोतल्या यंत्राच्या अंगावर त्यांच्या पेशाचं नाव होतं.

ट्युरिंगच्या 1950 च्या लेखात एक वाक्य आहे. त्याचा आशय असा: डिजिटल कॉम्प्युटर म्हणजे मानवी कॉम्प्युटर जे काही करू शकेल ते करण्यासाठी योजलेली यंत्रं. चौदा वर्षांपूर्वी त्याच माणसाने नुसतं कॉम्प्युटर लिहिलं की माणूस समजला जात होता. आता माणसाच्या मागे 'मानवी' लावावं लागलं. शब्द हातचा गेला तो या दोन निबंधांच्या मधल्या काळात. पुढे आपल्या शकुंतलादेवींनी 1980 मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजात तेरा-तेरा अंकी दोन संख्यांचा गुणाकार 28 सेकंदांत सांगितला, तेव्हा सगळ्या जगाने त्यांना मानवी संगणक म्हटलं. यंत्रावरून माणसाला उपमा. ती उपमा उलट्या दिशेने वाहते आहे हे लक्षात येणारे तेव्हा फार थोडे उरले असतील.

मराठीत संगणक हा शब्द यंत्राबरोबरच आला, त्यामुळे तो जन्मापासून यंत्राचाच आहे असं आपण धरून चालतो. पण त्याची घडण बघा. लेखक, गायक, शिक्षक, वाचक, गणक. हा शेवटचा 'क' करणाऱ्याचा आहे. इंग्रजीतल्या शेवटच्या 'अर'चंही तसंच. करणारा माणूस की करणारं यंत्र हे तो सांगत नाही, म्हणून तर प्रिंटर आधी छापणारा मनुष्य होता आणि नंतर टेबलावरचं यंत्र झाला. टाइपरायटर हा शब्दही काही वर्षं यंत्राला आणि त्यावर बसणाऱ्या बाईला दोघांनाही लागू होता. तिथे शब्द यंत्राने घेतला तेव्हा बाईला 'टायपिस्ट' तरी मिळालं. कॉम्प्युटरांना बदली शब्दसुद्धा कोणी दिला नाही. ट्युरिंगचा शिष्य रॉबिन गँडी याने पुढे एक तोड काढली: ट्युरिंगच्या निबंधातल्या माणसासाठी त्याने स्पेलिंगमधल्या शेवटच्या 'ई'च्या जागी 'ओ' घातला. अभ्यासकांत ते चालतं, बाहेर कोणाला माहीत नाही.

आपल्या सरकारी कचेऱ्यांत हा हुद्दा बराच टिकला. जनगणनेच्या खात्यात होता, सर्वे ऑफ इंडियात होता. नंतर हळूहळू पदनामं बदलली, आणि निवृत्त माणसं नातवंडांना आपला हुद्दा सांगताना 'सांख्यिकीत होतो' एवढंच म्हणू लागली. कुणाच्या घरी असं सेवापुस्तक असेल, तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. त्या माणसाजवळ बसा आणि विचारा: तुम्ही कोणत्या यंत्रावर बसायचात, तक्ते कशाचे होते, चूक कशी पकडायचात. आत्याला असं मी पूर्वीच विचारायला हवं होतं, असं वाटतं खरं, पण ती अजून खणखणीत आहे आणि दर वेळी नवं काही सांगते. परवा तिने शेकड्याच्या बेरजा तपासायची एक युक्ती दाखवली: अंकांची बेरीज करत जायचं, नऊ झाले की टाकून द्यायचे.

आणि एका ठिकाणी हा शब्द अजून माणसाला लागतो. राजस्थान सरकारच्या आर्थिक आणि सांख्यिकी खात्यात 'संगणक' हे पद आहे, आणि इंग्रजी जाहिरातीत त्याचं स्पेलिंग गँडीसारखंच शेवटी 'ओ' घालून येतं. 2021 मध्येही या पदांची भरती निघाली होती. अर्ज करणाऱ्याकडे गणित, अर्थशास्त्र किंवा सांख्यिकी घेतलेली पदवी लागते, आणि शिवाय संगणकाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा लागतो.